फ्लिकला परत आणायला कोणी गेलं नाही

गेल्या महिन्यात आमच्या भागात नळाला गढूळ पाणी यायला लागलं. पहिले दोन दिवस लोकांनी तुरटी फिरवून काम भागवलं. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटला आणि पाचव्या दिवशी जुलाब-उलट्यांचे पेशंट सुरू झाले. मी बातमीसाठी फिरलो. व्हॉल्व्हमनला विचारलं तर म्हणाला, "टीसीएल टाकतोय की रोज." म्हटलं, ओटी टेस्ट करून दाखवा. पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकले की पिवळा रंग यावा लागतो, म्हणजे क्लोरिन आहे असं कळतं. किट निघालं, बाटली निघाली, बाटलीत औषध नव्हतं.

हे काही फार मोठं प्रकरण नाही. प्रत्येक पावसाळ्यात हे होतं. जुनी पाइपलाइन गटाराच्या कडेनं जाते, कुठेतरी जोड निसटतो, पाणी बंद झालं की गटार आत ओढलं जातं. चार दिवस ओरड होते, मग टँकर येतो, मग सगळे विसरतात.

त्या रात्री लाइट गेली होती. मोबाइल पाच टक्क्यांवर. टॉर्च शोधायला माळ्यावरची ट्रंक काढली तर डिप्लोमाच्या दिवसांतली पुस्तकं सापडली. त्यात एक पातळसं, पिवळं पडलेलं इंग्रजी पुस्तक होतं. टमोरा पिअर्स नावाच्या अमेरिकन बाईंनी लिहिलेलं, किशोरवयीन मुलांसाठीचं, जादूगारांच्या दुनियेतलं. अमेरिकेत १९९९ साली ते 'ब्रायर्स बुक' नावानं आलं. माझ्याकडची प्रत इंग्लंडमधली आहे, तिचं नाव 'द हीलिंग इन द वाइन'. मी ती २००२ मध्ये पुण्यात फुटपाथवर वीस रुपयांना घेतली होती. पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो आणि इंग्रजीची बोंब होती. रूममेट म्हणाला, आधी पोरांची पुस्तकं वाच, मग एडिटोरियल वाच. म्हणून घेतलं.

त्या रात्री मेणबत्तीवर सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी बातमी पाठवायला उशीर झाला. तेवीस वर्षांपूर्वी वाचलेलं पुस्तक हेच होतं का, असा प्रश्न पडला. त्याबद्दल लिहितोय. पुस्तकाचं निमित्त आहे, खरं सांगायचं आहे ते वेगळंच. पोस्ट लांबणार आहे. आणि हो, शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना पुस्तक वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबा.

गोष्ट अशी. एमेलान नावाचा काल्पनिक देश, त्यातलं समरसी हे बंदराचं शहर. शहराबाहेर एक मोठं मंदिर-विद्यापीठ आहे. तिथे चार मुलं एकत्र राहून जादू शिकतात. त्यांची जादू म्हणजे कांडी फिरवली की हत्ती उडाला, असली नव्हे. एकीची जादू सुताची, एकीची हवामानाची, एकीची धातूची आणि ब्रायरची झाडांची. ब्रायर हा रस्त्यावर वाढलेला चोर. दोनदा पकडला गेला म्हणून त्याच्या हातांवर फुल्या गोंदलेल्या. त्याची गुरू रोझथॉर्न. वनस्पतींची मोठी जाणकार, तोंडानं फटकळ, आणि आतून तुमच्या-आमच्या शाळेतल्या एखाद्या बाईंसारखी.

ब्रायर आणि रोझथॉर्न गरीब वस्तीतल्या धर्मादाय दवाखान्यात औषधं पोचवायला जातात. तिथे एक रस्त्यावरचं पोरगं निरोप घेऊन येतं की फ्लिक आजारी आहे. फ्लिक ही ब्रायरची मैत्रीण, गटारांमध्ये आसरा घेऊन राहणारी. तिच्या अंगावर निळे फोड उठलेत. असे फोड कोणीही आधी पाहिलेले नाहीत. रोझथॉर्न तिला बाहेर काढून दवाखान्यात आणते आणि दवाखान्याचे दरवाजे बंद होतात. आत गेलेले सगळे आतच. मग एकामागून एक पेशंट येऊ लागतात. आधी तीच वस्ती, मग हळूहळू शहर.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तेव्हा माझ्या लक्षात राहिला तो शेवट. रोझथॉर्नला लागण होते, फोडांवरचं औषध सापडतं, ती त्यातून बरी होते, पण पाठोपाठ न्यूमोनिया होऊन मरते. आणि ब्रायर तिच्या मागे मृत्यूच्या दारात जातो. तिघी मैत्रिणी आपल्या जादूच्या धाग्यानं त्याला धरून ठेवतात आणि तो गुरूला परत आणतो. तेव्हा होस्टेलच्या खोलीत अंगावर काटा आला होता. आपल्या सावित्रीचीच गोष्ट म्हणा ना, यमाच्या मागे जाऊन माणूस परत आणण्याची.

मधली दीडशे पानं मी तेव्हा भराभर उलटली होती. कंटाळवाणी वाटली होती.

आता ती मधलीच पानं वाचताना हात थांबत होता.

त्या पानांत काय आहे? काम आहे. नुसतं काम. क्रेन नावाचा एक खडूस, खानदानी विद्वान आहे. ब्रायरनं पूर्वी त्याच्याच काचघरातून एक बुटकं झाड चोरलेलं, त्यामुळे दोघांचं जमत नाही. त्याच क्रेनच्या हाताखाली ब्रायरला काम करावं लागतं. रोगाचे नमुने घ्यायचे, त्यात एकेक द्रव्य थेंब थेंब टाकायचं, काय होतं ते बघायचं, काहीच होत नाही, ते लिहून ठेवायचं. पुन्हा. पुन्हा. मास्क, हातमोजे, धुणं, पुसणं. क्रेन भराभरा बोलतो आणि कोणाला तरी ते तितक्याच भराभरा उतरवून घ्यावं लागतं. लिहिणारे टिकत नाहीत. शेवटी ट्रिस नावाची हवामानवाली मुलगी बसते आणि लिहिते. ही मुलगी रागावली तर वीज पाडू शकते. साथीत तिचा उपयोग काय, तर ती न चुकता नोंदी करते.

लेखिकेनं इथे मला पकडलं. ही जादूची दुनिया आहे. बाईंच्या हातात होतं, एक मंत्र लिहिला असता आणि साथ गेली असती. पण त्यांनी जादूगारांनाही आपल्यासारखंच रांगेत बसवलं. साथीवर उपाय मोजण्यातून निघतो, लिहिण्यातून निघतो, आणि साथ कुठून आली हे शोधण्यातून निघतो.

ती कुठून येते? गटारातून. श्रीमंतांना झटपट बारीक करणारं जादूचं औषध बनवायचा कोणीतरी उद्योग केलेला असतो. फसलेला माल मोरीत ओतून दिलेला असतो. तो गटारात जातो, तिथे त्याचा रोग होतो, आणि गटारात कोण राहतं? फ्लिक राहते. वजन कमी करायचं कोणाला होतं आणि मेलं कोण, हा हिशेब लेखिका कुठेही भाषण न ठोकता मांडते.

मुलांच्या पुस्तकातली ही कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं कोणत्या घरात किती माणसं मेली याची मोजदाद केली, नकाशावर खुणा केल्या, आणि सगळ्या खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती गोळा झाल्या. आपल्याकडचं ताजं उदाहरण जानेवारी २०२५ चं आहे. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले. धडधाकट माणसाच्या पायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले आणि बोट पुन्हा पाण्याकडेच गेलं. त्या वेळी आमच्याकडे मिनरल वॉटरचे जार आठवडाभर जोरात खपले, मग लोक विसरले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एप्रिल २०२१.

तेव्हा आमचं काम काय होतं, तर संध्याकाळी जिल्ह्याची आकडेवारी यायची, ती टाइप करून डेस्कला पाठवायची. आज बाधित इतके, बरे झाले इतके, मृत्यू इतके. सिंगल कॉलम. मी ते दीड महिना रोज केलं.

आमच्या गावच्या स्मशानभूमीत एक मामा होते. त्यांच्याकडे एक वही होती, शंभर पानी, पुठ्ठ्याची. तारीख, नाव, गाव, आणि लाकूड किती गेलं. लाकडाचं बिल पालिकेकडून निघायचं, त्याच्या हिशेबासाठी ती वही. दवाखान्यातून प्लास्टिकमध्ये बांधून आलेलं प्रेत असेल तर मामा नावापुढे 'को' लिहायचे. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "दादा, उद्या कोणी इचारलं तर?"

एका संध्याकाळी माझ्या हातात जिल्ह्याचा आकडा होता. आमच्या अख्ख्या तालुक्यात मृत्यू तीन. आणि मामांच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर नऊ 'को' होते. एकाच गावच्या एकाच स्मशानात. मी मागची पानं बघितली. तेच. मोबाइलवर फोटो काढले. तेवीस पानं.

फरक कसा पडतो हेही सांगतो, म्हणजे कोणी रात्री बसून आकडे खोडत होतं असा समज नको. कोणाची टेस्ट झालीच नव्हती, माणूस रिक्षातच गेला. कोणाचा आरटीपीसीआर निगेटिव्ह पण एचआरसीटी स्कोअर वीसच्या पुढे. त्याची नोंद 'सारी', म्हणजे श्वसनाचा तीव्र आजार. कोणी शेजारच्या जिल्ह्यातून आलेला, तो त्यांच्या यादीत जाणार म्हणून इथे नाही आणि तिथेही नाही. प्रत्येक नावामागे एक कारण होतं, आणि प्रत्येक कारण कागदावर बरोबर होतं. नऊच्या ठिकाणी तीन असेच झाले.

बातमी होती. तीस दिवस वाट बघूनही मिळत नाही अशी बातमी होती. लाकडाचं बिल खोटं बोलत नाही. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला लाकूड. मी लिहून तयार ठेवली.

पण मधल्या काळात माझ्या घरी काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात आईचा ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला होता. गावात बेड नव्हता. जिल्ह्याला नव्हता. मी रात्री साडेअकराला एका ओळखीच्या साहेबांना फोन केला. कोणते साहेब, कोणत्या खात्याचे, हे लिहीत नाही, कारण त्यांनी माझ्यावर उपकारच केलेत. ते म्हणाले, "घेऊन या, बघतो." पहाटे दोनला आईला ऑक्सिजनचा बेड मिळाला. तिला स्ट्रेचरवरून आत नेताना बाहेरच्या बाकावर एक माणूस बसलेला होता. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून श्वास घेत होता. त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. ते संध्याकाळपासून बसले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली आणि आत गेलो.

आई वाचली. अकरा दिवसांनी घरी आली.

आणि मी स्मशानाच्या वहीची बातमी लिहून ठेवली त्या रात्री साहेबांचा फोन आला. आई तेव्हा अजून दवाखान्यातच होती. वही मी बघितली हे त्यांना कसं कळलं माहीत नाही, लहान गावात कळतंच. ते रागावले नाहीत, धमकी तर नाहीच. पहिलं वाक्य होतं, "आईंची तब्येत कशी आहे आता?" दुसरं होतं, "लोक आधीच घाबरलेत हो. जरा समजून घ्या, तुम्ही आपले आहात."

मी समजून घेतलं.

बातमी पाठवली नाही. डेस्कनं कापली, मालकांनी दाबली, असं काही सांगून सुटता आलं असतं. आमच्या धंद्यात ते खपतंही. पण ती बातमी माझ्या मोबाइलमधून बाहेर गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा आकडा पाठवला.

तेव्हा स्वतःला समजावलं होतं, की आकड्यानं काय होतं? तीन छापले काय आणि नऊ छापले काय, मेलेला माणूस परत येतो का?

आकड्यानं काय होतं ते मला त्या वर्षाच्या शेवटी कळलं. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडनं मेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये द्यायच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केलं. अर्ज सुरू झाले. फॉर्म भरून द्यायला लोक आमच्याकडे यायचे, पत्रकाराला सगळं माहीत असतं असा गावात समज असतो. एक बाई आली. मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखलं की नाही, ते माहीत नाही. तिच्या हातात नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता आणि दवाखान्याचा कागद होता. कागदावर कारण न्यूमोनिया. पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही. अँटिजेन केली होती म्हणे, कागद दिला नव्हता किंवा हरवला होता. समितीकडे अर्ज करता येतो असं मी तिला सांगितलं. ती दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली नाही, कारण प्रत्येक खेपेला मजुरी बुडायची.

तिच्या नवऱ्याचं नाव मामांच्या वहीत आहे. माझ्या मोबाइलमधल्या चौदाव्या फोटोत आहे. पुढे 'को' लिहिलेलं आहे. तो बाकावरचाच माणूस.

आईचा बेड त्याला मिळाला असता का? मला खरंच माहीत नाही. कदाचित त्याच्याआधी आणखी कोणी रांगेत असेल. पण वहीची बातमी त्या एप्रिलमध्ये छापून आली असती, तर निदान या गावात इतकी माणसं 'को' म्हणून जाळली गेली याचा एक छापील कागद असता. त्यावर कोणी उत्तर दिलं असतं, कोणी चौकशी लावली असती. ते झालं नाही, त्यामुळे तिच्या हातात फक्त न्यूमोनिया राहिला.

देशपातळीवर तर हा वाद सगळ्यांनी पाहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अंदाज दिला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात कोविडमुळे, थेट किंवा आडून, सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले. आपला सरकारी आकडा त्या काळासाठी पाच लाखांच्या आतला. सरकारनं तो अंदाज आणि त्याची पद्धत दोन्ही नाकारलं. मग २०२५ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीची जुनी आकडेवारी आली. २०२० मध्ये देशात नोंदले गेलेले मृत्यू ८१ लाखांच्या आसपास होते आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. सगळे काही कोविडचे नसतील, नोंदणीही दरवर्षी सुधारते, हे मान्य. पण एका वर्षात वीस लाखांची उडी आहे, आणि त्या उडीत आमच्या मामांच्या वहीतली माणसं आहेत. टीव्हीवर तज्ज्ञ मॉडेलवरून भांडत होते तेव्हा मी गप्प बसून बघत होतो. माझ्याकडे मॉडेल नव्हतं, लाकडाचा हिशेब होता.

आता पुस्तकाच्या शेवटाकडे परत.

फ्लिक मरते. पुस्तकाच्या अर्ध्याच्या आतच मरते. ब्रायर तिच्या उशाशी असतो. त्याला झाडांची एवढी मोठी विद्या येते, पण तिच्यासाठी तिचा उपयोग होत नाही. ती पहिली पेशंट, तिच्यामुळे साथ कळली, तिला काही मिळत नाही. पुढे रोझथॉर्न मरते तेव्हा मात्र ब्रायर जीव धोक्यात घालून जातो आणि तिला आणतो.

बावीसाव्या वर्षी मला यात काही खटकलं नव्हतं. आता खटकलं. चांगलंच खटकलं. मी पुस्तक मिटून बसलो. फ्लिकला परत आणायला का नाही कोणी गेलं? रागच आला लेखिकेचा.

मग लक्षात आलं की बाईंनी काही चूक केलेली नाही. असंच असतं. रोझथॉर्नला परत आणणारा धागा होता. तिच्यावर जीव टाकणारा शिष्य होता, त्याला धरून ठेवणाऱ्या तिघी होत्या. फ्लिककडे फक्त ब्रायर होता, आणि तेव्हा तो एकटा होता. आमच्या एप्रिलमध्ये त्या धाग्याला फोन म्हणत होते. ज्याच्याकडे रात्री साडेअकराला उचलला जाईल असा एक नंबर होता, त्याचं माणूस परत आलं. ज्याच्याकडे नव्हता तो बाकावर बसून राहिला. ब्रायरला मी दोष देत नाही. माझी आई पुन्हा आजारी पडली तर मी पुन्हा फोन करीन. तुम्हीही कराल. पण ब्रायरनं परत आल्यावर फ्लिक मेलीच नव्हती असं कोणाला सांगितलं नाही. मी तसं केलं. रोज संध्याकाळी, सिंगल कॉलममध्ये.

अजून एक बारीक गोष्ट. रोझथॉर्न परत येते, पण पहिल्यासारखी येत नाही. तिचं बोलणं जड होतं, शब्द अडखळतात. पहिल्या वाचनात मी हे वाचलंही नसेन. माझी आई आता जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबते. कठड्याला धरून उभी राहते आणि आम्ही बघतोय असं दिसलं की म्हणते, "काही नाही रे, चप्पल अडकली." परत आणलेल्या माणसावर त्या प्रवासाची खूण राहते, हे लेखिकेला १९९९ मध्ये कुठून कळलं कोण जाणे.

साथीत कोणासाठी कोण जातं हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. आपण जयंती-पुण्यतिथीला हे सांगतो. त्याच वर्षी इंग्रजांनी साथरोगांचा कायदा केला, आणि २०२० मध्ये आपण तोच कायदा लावला. कायदा आपण जपून ठेवला. मूल कोणी उचलायचं, हे मात्र प्रत्येक साथीत नव्यानं ठरवावं लागतं.

तर आता काय?

मामा दोन वर्षांपूर्वी कामावरून निघाले, गावी असतात. मी गेल्या रविवारी त्यांना भेटायला गेलो. वही पालिकेत जमा झाली, पुढे तिचं काय झालं त्यांना माहीत नाही. मी म्हटलं, फोटो माझ्याकडे आहेत. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे इचारलं कोणीतरी." चार वर्षं उशीर झाला होता, पण त्यांनी चहा पाजला.

ते तेवीस फोटो मी कागदावर काढले आहेत. मृतांची नावं इथे टाकणार नाही, ती त्यांच्या घरच्यांची आहेत. पण आमच्या गावातल्या किंवा शेजारच्या गावांतल्या कोणाचं माणूस त्या एप्रिल-मे मध्ये इथल्या स्मशानात नेलं असेल आणि कागदावर वेगळंच काही लागलं असेल, तर माझ्याकडे या. तारीख सांगा, पान काढून देतो. त्याचा सरकारदरबारी आता काही उपयोग होईल असं मी म्हणत नाही. त्या बाईंकडे मी पान घेऊन गेलो होतो. त्यांनी ते वाचलं, 'को' वर बोट ठेवलं, घडी घातली आणि देवघरातल्या पोथीत ठेवलं. मला काही म्हणाल्या नाहीत. मीही बाकाचं काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आणि ते गढूळ पाणी. या वेळी मी प्रेस नोटची वाट बघितली नाही. आमच्या भागातल्या चार गल्ल्यांत घरोघर फिरलो, वहीत लिहिलं. कोणत्या घरात किती जण आजारी, कधीपासून, पाणी कुठलं. कागदावर गल्ल्या काढून खुणा केल्या. खुणा कुठे दाटल्या, तर जिथे पाइपलाइन मोठ्या गटाराखालून जाते तिथे. बातमी नकाशासकट पाठवली. चौकटीत आली, आतल्या पानावर. तिसऱ्या दिवशी खड्डा खणला गेला. जोड निसटलेलाच होता.

व्हॉल्व्हमन काल रस्त्यात भेटला. म्हणाला, "ओटीचं औषध आलं बरं का." मी म्हटलं, टाकून दाखवा. त्यानं तिथल्याच नळाचं पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. फिकट पिवळं झालं.

तारीख घालून वहीत लिहून ठेवलं आहे.